वार्धक्य आणि कार्यव्रत
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



नागपूरहून भद्रावतीच्या तीर्थाला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत वरोरा लागते आणि वरोऱ्याजवळच आनंदवन आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. संस्थेचे कार्य सर्वश्रुत असल्यामुळे त्याची पुनरुक्ती नको. आज विचार करावयाचा आहे तो बाबा आमटे यांच्या वार्धक्याचा.

व्यापारी घरांत एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. साठी उलटली की वडील पेढीची गादी मुलाच्या स्वाधीन करतात, मात्र तिजोरीची किल्ली कमरेलाच राहते. मुलगा चाळिशीचा झाला तरी त्याने दिलेला भाव वडिलांना विचारूनच पक्का होतो. सार्वजनिक जीवनातही निराळे घडत नाही. ज्येष्ठांना वाटते, तरुणांना कळकळ नाही. तरुणांना वाटते, ज्येष्ठ खुर्ची सोडत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

१९७० च्या सुमारास बाबांनी आपल्या मुलांना भामरागडच्या अरण्यात नेले होते. तेथील माडिया गोंड बांधवांसाठी काही करण्याचा मानस त्यांनी बोलून दाखवला. त्या वेळी त्यांची पंचावन्नी उलटली होती. डॉ. प्रकाश यांनी ते काम अंगावर घेतले आणि डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क नाही, अशा ठिकाणी पंचविशीतील डॉक्टर व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी राहू लागले. आनंदवनाची धुरा पुढे डॉ. विकास यांनी सांभाळली. वडिलांनी गादीबरोबर किल्लीही दिली, आणि ती दिली म्हणूनच पुढील पंचवीस वर्षे त्यांचे पाय मोकळे राहिले.

त्या पंचवीस वर्षांत काय घडले? गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपटनम या नियोजित धरणांमुळे गडचिरोली व बस्तरमधील विस्तीर्ण वनप्रदेश पाण्याखाली जाणार होता. त्याविरुद्ध १९८४ साली ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबांसोबत लालश्याम शाह हे वयोवृद्ध आदिवासी नेते होते. १९६२ साली चांदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेल्या या गृहस्थांनी पुढे खासदारकीचा राजीनामा दिला होता. पद गेले तरी त्यांचे समाजकार्य सुटले नाही. ती धरणे झाली नाहीत.

डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, बाबा कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. मणक्याच्या व्याधीमुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. सोबत सायकलींवर शंभराहून अधिक युवक-युवती होत्या आणि त्यांच्यासाठी पस्तिशीच्या आतील वयाची अट होती. वृद्धाने तरुणांसाठी वयाची अट घालावी आणि स्वतः गाडीत पडून त्यांच्यासोबत काश्मीरपर्यंत जावे, हे दृश्य विलक्षणच होते.

१९९० साली, पंचाहत्तरी गाठल्यावर, त्यांनी स्वतः वसवलेले आनंदवन सोडले व साधनाताईंसह नर्मदाकाठी कसरावद येथे मुक्काम हलवला. या लढ्यात यश आले नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराच्या बांधकामास परवानगी दिली. त्या वयात, त्या प्रकृतीत, अशा लढ्यासाठी दहा वर्षे का वेचावीत, असे तेव्हा अनेक हितचिंतक म्हणत. हा हिशेब वहीखात्यात बसत नाही. पण ज्यांची गावे बुडत होती त्यांनी तो मांडला नाही. त्यांच्या दृष्टीने एक वृद्ध जोडपे त्यांच्या शेजारी राहावयास आले होते, एवढेच पुरेसे होते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. अशा घरातील पुढील पिढ्यांना आपली वाट आपणच निवडण्याची मोकळीक कितपत मिळते? हेमलकशाची जबाबदारी आज दिगंत आणि अनिकेत या नातवांनी उचलली आहे. आनंदवनात मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत येताना मतभेदांची झळही लागली. त्यागाचा वारसाही ओझे होऊ शकतो. धंद्याच्या वारशाचेही तसेच आहे.

याच जंगलात दुसरे एक उदाहरण घडले. जयप्रकाशजींनी १९७५ साली स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तिशीनंतर सभासदाला स्थान नव्हते. या वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल त्या नियमानुसार तिशीतच ‘वृद्ध’ ठरले! सभासदत्व संपले आणि खरे काम सुरू झाले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा यांच्यासह त्यांनी चार दशके घालवली. नेता म्हणून नव्हे, तर गावकऱ्यांच्या अभ्यासगटातील सोबती म्हणून. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जानेवारी २०२५ मध्ये मोहनभाऊंचे निधन झाले. ग्रामसभा पूर्ववत भरते.

तेथील ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असेल तरी विषय पुढील सभेवर जातो व पुन्हा चर्चा होते. अनुभवी वृद्धाच्या प्रस्तावाला नुकताच सज्ञान झालेला मुलगा थांबवू शकतो, आणि तरुणांच्या घाईला एखादी आजीबाई. वेळ फार जातो, ही त्यातील अडचण खरीच. आपल्या विश्वस्त मंडळाच्या सभांत वेळ कमी लागतो, कारण तेथे पस्तिशीच्या आतील कोणी बसतच नाही.

या व्यासपीठावर आज अकरा खुर्च्या आहेत. समोरच्या सभागृहात, मागच्या रांगांत उभी असलेली तरुण मंडळी सकाळपासून पाणी देत आहेत, चपला सांभाळत आहेत आणि आलेल्यांना बसावयास जागा करून देत आहेत.