रंगाखालचं पाणी दाखवणारे न्यूट्रॉन



आपल्या रत्नागिरीत खारं वारं लोखंडाला सोडत नाही.
रंगाखाली पाणी मुरतं…
आणि गंज आतून पसरतो.

हे पाणी न्यूट्रॉन दाखवतात.
ते पोलादातून पार जातात.
पाण्यातल्या हायड्रोजनवर मात्र विखुरतात.

मुंबईत, ट्रॉम्बेच्या 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतून संशोधकांना न्यूट्रॉन मिळतात.
पण कारखान्याजवळ अणुभट्टी कशी नेणार?

त्यासाठी लहान प्रवेगक.
तो वेगवान प्रोटॉन बेरिलियमच्या चकतीवर आदळवतो.
न्यूट्रॉन बाहेर पडतात.

खरी कसोटी या चकतीची.
प्रोटॉनपासून आत साठलेल्या हायड्रोजनमुळे तिला फोड येतात.
जपानच्या रिकेन संस्थेनं चकतीच्या मागच्या बाजूला व्हॅनेडियम लावलं.
ते हायड्रोजन शोषतं. किती सुंदर उपाय!

पुन्हा सांगते…
रंगाखालचं पाणी न्यूट्रॉन दाखवतात.
कोकणच्या पुलांसाठी असं यंत्र महाराष्ट्रात व्हायलाच हवं.