मुदत

श्रोतेहो, जाफराबादसारख्या गावात भाडं थकलं की मालक आधी निरोप धाडतो, मग पोस्टानं नोटीस येते. घाबरून पाकीट परत करू नका. नाकारलेली नोटीसही कोर्ट सहसा मिळालीच असं धरतं.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे थकबाकीच्या लेखी नोटिशीनंतर ९० दिवस दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही चालू ठेवलं, तर थकबाकीपायी घर जात नाही.

भाड्यावर चूल पेटणारे मालकही असतात. ‘मुदत’ हा शब्द अरबीतून आला, मराठीचा झाला. तो दोघांसाठी आहे. पावती मात्र जपून ठेवा.