पुढची चाकं किती दिवस फिरणार?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाची चर्चा झाली, कर्जाची झाली. मला विषय दिला आहे ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर घ्यायचा तर टू व्हील घ्यावा की फोर व्हील? भाव आणि कर्ज यांच्यापुढे हा विषय लहान वाटेल. पण मी जे सांगणार आहे तेही शेवटी भाव आणि कर्ज यांचंच आहे.

आधी माझीच गोष्ट सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. आयुष्यात पहिल्यांदा कापूस विकून घरी येताना खिशात हात घालावासा वाटला. शेजारच्या गावात एकाने फोर व्हील ट्रॅक्टर आणला होता. मी डीलरकडे गेलो. टू व्हील आणि फोर व्हील यांच्यात एक लाख तीस हजारांचा फरक. मी मनात म्हटलं, तेरा क्विंटल कापूस, त्यात काय? घरी कारभारणीने एकच प्रश्न विचारला. "ती पुढची चाकं वर्षातून किती दिवस फिरणार?" मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. मायबहिणींनो, हसा, हसण्यासारखंच आहे. कारण हप्ते फेडायची वेळ आली तेव्हा कापूस सात हजारांवर आला होता. तेरा क्विंटलचे साडेअठरा क्विंटल झाले. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा, म्हणजे पावणेचार एकरांचं अख्खं पीक त्या पुढच्या चाकांनी खाल्लं. बियाणं, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च वेगळाच.

तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून मी ट्रॅक्टरवर वही ठेवली. तीन हंगामांत मीटरवर चौदाशे तास झाले. माझं शेत, भावकीचं शेत, भाड्याची कामं, सगळं धरून. त्यातले पुढच्या चाकांचा दांडा टाकून केलेले तास किती? एकशे दहा. बाकीचे तेराशे तास मी टू व्हीलच चालवत होतो, फक्त महागातला.

आता ही पुढची चाकं करतात काय, ते नीट समजून घेऊ. कारण डीलरकडे गेलं की असं ऐकू येतं, जणू काही त्या चाकांत आणखी दहा घोडे बसवले आहेत. इंजिन तेच, घोडे तेवढेच. फरक जमिनीवरच्या पकडीचा. तुम्ही वखर हाणता. कठीण जमिनीत पास लागत नाही, तेव्हा काय करता? वखरावर उभे राहता किंवा दगड ठेवता. वजन पडलं की पास रुततो. ट्रॅक्टरच्या चाकाचं तेच आहे. ज्या चाकावर वजन आहे आणि जे चाक ओढतं, तेच कामाचं. टू व्हील ट्रॅक्टरचं साधारण शंभरातलं साठ-पासष्ट वजन मागच्या चाकांवर असतं. पुढच्या चाकांवरचं वजन नुसतं वळायच्या कामाचं. फोर व्हीलमध्ये ते पुढचं वजनही ओढायला लागतं. एवढीच त्यातली करामत.

पकड सुटली की चाक जागेवर फिरतं. थोडं फिरणारच, शंभराला दहा-पंधरापर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात. हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. मागच्या चाकावर खडूने खूण करा. नांगर वर उचलून, त्याच शेतात, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. समजा चाळीस मीटर भरलं. आता नांगर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा दहा फेरे. चौतीस मीटर भरलं तर घसरण शंभराला पंधरा, ठीक आहे. तीस भरलं तर शंभराला पंचवीस. मग हिशेब करायची वेळ आली.

तो हिशेब मी केला आहे. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर नांगरटीला तासाला साडेपाच लिटर डिझेल पितो असं धरा. टू व्हीलची घसरण पंचवीस आणि फोर व्हीलची बारा धरली, तर टू व्हीलला जे काम शंभर तास लागतं ते फोर व्हील पंचाऐंशी तासांत उरकतो. पंधरा तास वाचले, म्हणजे ऐंशी-ब्याऐंशी लिटर डिझेल. लिटरला नव्वद रुपये धरले तर सात हजारांच्या वर थोडे. आणि दीड लाख जास्तीचे घेतले त्यावर शेकडा बारा दराने पहिल्या वर्षाचं व्याज अठरा हजार. मुद्दल अजून तसंच. शंभर तासांच्या नांगरटीत ते व्याजही फिटत नाही. अडीचशे तास जड काम असेल तर व्याज निघतं. चारशे तास असेल तर फोर व्हील जरूर घ्यावा, मी स्वतः तुमच्याबरोबर डीलरकडे येईन.

पण कोरडवाहू दहा एकरवाल्याकडे जड काम असतं किती? नांगरटीला एकरी दोन-अडीच तास. खोल नांगरट दरवर्षी करायची गरज नाही, तीन वर्षांतून एकदा पुरते. बाकी वखरणी, पेरणी, कडबा वाहणं, थ्रेशर चालवणं. थ्रेशर तर उभ्या ट्रॅक्टरवर चालतो, त्याला पुढची चाकं कशाला हवीत? आपल्या स्वतःच्या दहा एकरांवर ट्रॅक्टर वर्षाला साठ-सत्तर तासांच्या वर चालत नाही. पूर्वी बँकवाले ट्रॅक्टर परवडायला वर्षाला हजार तास काम हवं म्हणत. उरलेले नऊशे तास भाड्याचे. भाड्याची कामं कोणती, ती रोख आहेत की सुगीवर उधार, यावर ट्रॅक्टर तरतो किंवा बुडतो.

तुम्ही म्हणाल, घसरण पंचवीस आहे तिचं काय करायचं? तिच्यावर दीड लाखाच्या आधी करायचा उपाय फुकटातला आहे. मागच्या टायरांत पाणी भरा. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणायचा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरायचं. म्हणजे पाऊण टायर भरतो. उरलेल्या जागेत हवा. एका टायरात दीडशे लिटरच्या वर पाणी बसतं, दोन्ही मिळून तीनशे किलोच्या वर वजन झालं. नांगरटीपुरतं ठेवायचं आणि पेरणीआधी काढून टाकायचं, कारण पेरणीला आपल्याला जमीन दाबायची नाही. टायरच्या हवेचंही तसंच. रस्त्यावरची हवा ठेवून शेतात गेलं की टायर टणक होतो, नख्या बसत नाहीत. शेतात मागच्या टायरला बारा-चौदा पौंड पुरतात. आणि हायड्रॉलिकचे दोन दांडे असतात. आपले ड्रायव्हर बहुतेक एकच ओळखतात, नांगर वर-खाली करायचा. दुसरा जड लागल्यावर नांगर आपोआप किंचित उचलतो आणि ते वजन मागच्या चाकांवर टाकतो. तो दांडा वापरा. माझ्या भावाच्या टू व्हीलची घसरण या तीन गोष्टींनी पंचविसावरून सोळावर आली. खर्च आला पंक्चरवाल्याची मजुरी.

एक इशारा इथेच देतो. ट्रॅक्टर रुतला की चाकांना लाकूड बांधतात आणि गिअर टाकतात. किंवा साखळी वर धुऱ्याला बांधून ओढतात. बैलगाडी मागे उलाळ होते तसा ट्रॅक्टर उलाळ होतो, पुढचं तोंड उचलतं आणि पापणी लवायच्या आत ड्रायव्हरच्या अंगावर येतो. असे माणूस गमावलेले संसार आपल्या भागात आहेत. साखळी नेहमी खालच्या हूकला. रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून काढा किंवा चाकापुढची माती उकरा. फोर व्हील असला तरी हेच.

आता काळ्या मातीचं. डीलर सांगतो, फोर व्हील ओल्यातही चालतो. खरं आहे, चालतो. पण आपली भारी काळी जमीन ओलीवर फुगते, चिकट होते, वाळली की भेगा पडतात. वाफसा येण्याआधी तिच्यात तीन टनांचं धूड घातलं की खाली थर बसतो, तव्यासारखा. वरून पाऊस पडला की पाणी त्या तव्यावर साचतं आणि पऱ्हाटीची मुळी तिथे आडवी वळते. टू व्हीलचं चाक घसरू लागलं की समजावं, जमीन म्हणते आहे आज नको. फोर व्हील ते ऐकूच देत नाही. मी हे केलं आहे. रब्बी ज्वारीची पेरणी लांबली म्हणून वाफसा यायच्या दोन दिवस आधी दांडा टाकून शेतात शिरलो, आणि त्या पट्ट्यातली ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीच नाही. कडबाही नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झाला तसा पाऊस झाला, तर रब्बीच्या पेरणीला दिवस थोडे उरतात. वाफसा आल्यावर चार-पाच दिवसांत गावाची पेरणी उरकायची असेल आणि तुमचा ट्रॅक्टर भाड्याने दिवसरात्र चालणार असेल, तर पकडीचा उपयोग आहे. नाल्याच्या उतारावरून भरलेली ट्रॉली आणायची असेल तर आहे. उतारावर पुढची चाकं जोडलेली असली की ब्रेकही चारही चाकांना लागतो. भंडारा-गोंदियाकडे धानाची चिखलणी करणाऱ्याने आणि ओल्या फडातून उसाच्या ट्रॉल्या काढणाऱ्याने फोर व्हील घेतला तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. त्यांचं काम वेगळं, आपण त्यांचा ट्रॅक्टर पाहून आपला ठरवतो ही चूक. आणि छोटा, वीस-पंचवीस एचपीचा ट्रॅक्टर कपाशीच्या ओळींतून डवरणीला घेणार असाल तर तो फोर व्हीलच बरा. त्याला स्वतःचं वजनच कमी, दोन चाकांवर तो काय ओढणार?

फोर व्हील घेतलाच तर दोन गोष्टी. डांबरी रस्त्यावर दांडा काढून ठेवा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच त्याची रचना असते. मातीत ते खपतं, डांबरावर टायर घासून जातात. म्हणूनच पुढचे टायर बदलताना हाताला लागेल त्या मापाचे बसवू नका. दुसरं, पऱ्हाटीचे खुंट. ते पुढच्या टायरात घुसतात आणि ॲक्सलच्या सीलही फाडतात. मग तेल गळतं आणि ते महिनाभर कळत नाही.

सध्या डीलरकडे एक नवं वाक्य ऐकू येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. "दादा, तुमचे पन्नास हजार वाचले, त्यात फोर व्हील घ्या." वाचले ते माझे वाचले ना? ते लगेच परत का द्यायचे? आणि फरक पन्नास हजारांचा नाही, लाख ते दीड लाखाचा आहे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये आहे. तो हातात पडला असं धरलं तरी दीड लाख म्हणजे साडेअठरा क्विंटल. आणखी एक. फोर व्हील दाखवता दाखवता तो तुम्हाला पन्नास एचपीच्या वर नेतो. १ जानेवारी २०२३ पासून पन्नासच्या वरच्या नव्या इंजिनांना धुराचे कडक नियम आहेत. डिझेल सोडायचं काम आता इलेक्ट्रॉनिक झालं. गावातला मिस्त्री तिथे हात लावत नाही.

मग विश्वास कुणावर ठेवायचा? १९१९ साली अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्याच्या गळ्यात निकामी ट्रॅक्टर पडला होता. तो विधिमंडळात निवडून गेला आणि त्याने कायदा करून घेतला की तपासणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्याकडेही मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात ट्रॅक्टरचं एकूण वजन, ते पुढच्या आणि मागच्या चाकांवर किती किती, ओढ किती, घसरण किती, तासाला डिझेल किती, हे सगळं असतं. तुमच्या पसंतीच्या मॉडेलचा अहवाल डीलरकडे मागा. इंग्रजीत असतो, शिकलेल्या पोराला वाचायला बसवा. अहवाल द्यायला जो टाळाटाळ करेल त्याचा चहा पिऊ नका.

आणि डीलरकडे जायच्या आधी घरी बसून गेल्या वर्षीची कामं लिहून काढा. नांगरट किती तास, ती कुणाच्या शेतात, पैसे कधी मिळाले. लिहायला घरातल्या बाईला बसवा. आमच्याकडे आता वही तिच्याच ताब्यात आहे.

जेवणानंतर बाहेर लिंबाखाली माझा ट्रॅक्टर आणि भावाचा ट्रॅक्टर दोन्ही उभे आहेत. खडू आणि टेप आणला आहे. पलीकडच्या नांगरटीच्या तुकड्यात मालकाने परवानगी दिली आहे. ज्यांना दहा फेरे मोजून पाहायचे असतील त्यांनी यावं, टायरात पाणी कसं भरायचं तेही तिथेच दाखवतो.