व्हिएतनामचे घड्याळ आणि व्हिएतनामचे पंचांग



व्यापारानिमित्त परदेशी जाणारा मनुष्य भाव, जकात आणि चलनाचा दर यांची माहिती कसोशीने गोळा करतो. पण समोरची कचेरी केव्हा उघडी असते, याची चौकशी तो तेथे पोहोचल्यावर करतो. आपल्या मंडळातील औषधांच्या व कापसाच्या व्यवसायातील काही तरुण व्हिएतनामकडे वळू लागले आहेत, म्हणून आम्ही आज हा विषय निवडला.

घड्याळ आधी पाहू. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तेथील कचेऱ्या साडेसात-आठला सुरू होऊन साडेचार-पाचला संपतात. साडेअकराच्या सुमारास जेवणाची सुट्टी होते ती एक-दीडपर्यंत, आणि या वेळात दिवे मालवून रीतसर वामकुक्षी घेतली जाते. (वामकुक्षीसारखा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांनी यास नावे ठेवू नयेत!) आता गंमत पाहा. आपण सकाळी दहाला दुकान उघडून दूरध्वनी उचलतो, तेव्हा तेथे माणसे नुकतीच जेवायला उठलेली असतात. आणि आपले साडेतीन वाजतात तेव्हा ती घरी निघालेली असतात. मधल्या काळात आपलेही जेवण येतेच. सारांश, तिकडचे काम सकाळी आठच्या आत उरकावे.

२०१९ च्या श्रमसंहितेने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली आहे. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, कारखाने बहुधा शनिवारीही चालतात. ३० एप्रिल हा १९७५ च्या सायगाव-विजयाचा दिवस, लगेच १ मे, आणि २ सप्टेंबर हा १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेचा. या शेवटच्या सुट्टीला त्याच संहितेने आणखी एक दिवस जोडला. या तारखा डायरीत एकदा लिहिल्या की भागते.

खरी अडचण चांद्रतिथींची आहे. तिसऱ्या चांद्रमासाच्या दशमीला हुंग राजांचा स्मृतिदिन असतो. २०२४ व २०२५ साली तो आपल्या रामनवमीच्या दुसऱ्याच दिवशी आला. म्हणून कोणी रामनवमीवरून हिशेब बांधील तर २०२६ मध्ये तो महिनाभराने चुकेल. कारण त्यांनी अधिक मास २०२५ मध्ये धरला, आपल्या पंचांगात तो २०२६ च्या ज्येष्ठात आला. चीनच्या कॅलेंडरवरही डोळे मिटून विसंबू नये. दोन्ही देशांच्या प्रमाणवेळेत एका तासाचे अंतर आहे, आणि तेवढ्यामुळे १९८५ साली व्हिएतनामचे नववर्ष २१ जानेवारीला, तर चीनचे तब्बल २० फेब्रुवारीला सुरू झाले!

हे नववर्ष म्हणजे तेत. कायद्याने त्याची भरपगारी सुट्टी पाच दिवसांची; परंतु बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला चुलीचे देव स्वर्गात रवाना झाले की मन कामातून उठू लागते. हो चि मिन्ह नगराभोवतालच्या कारखान्यांतील असंख्य कामगार मध्य आणि उत्तर भागांतील खेड्यांतून आलेले असतात. हनोई ते सायगाव हा लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा; त्याची तेतची तिकिटे महिनोन्‌महिने आधी विकली जातात. वर्षाचा बोनसही याच सुमारास हाती पडतो, आणि गावी गेलेला प्रत्येक जण ठरल्या दिवशी परततोच असे नाही. दिवाळीच्या गाडीसाठी तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या आपणांस याची फोड करून सांगावयास नको. त्या दिवसांत मालासाठी तगादा लावणारा परदेशी व्यापारी तेथे अडाणी ठरतो, आणि माल तर मिळत नाहीच.

तेव्हा लेटर ऑफ क्रेडिटची मुदत तेतच्या आठवड्यात संपू देऊ नये. बँक बंद असते, आणि हायफाँगच्या बंदरात अडकलेल्या मालावर डेमरेज चढत जाते. मध्यरात्रीनंतर घरात प्रथम पाऊल टाकणारा वर्षाचे भाग्य आणतो अशी तेथे श्रद्धा आहे, म्हणून पहिल्या दिवशी बोलावल्यावाचून कोणाच्या दारी जाऊ नये. २०२७ चा तेत ६ फेब्रुवारीला आहे. त्या हंगामाचा माल हवा असेल त्यांनी मागणी दिवाळीतच पाठवावी.