'ऑब्सेशन ७७': तीस वर्षं उशिरा पोचलेला बँड

पालघर, बोईसर, तारापूर आणि डहाणू लोकलमध्ये कानात इअरफोन घालून बसलेल्या सगळ्यांचं स्वागत. आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

आज एका बँडबद्दल बोलायचंय. बँडचं नाव ॲटॉमिक फॉरेस्ट. आपल्याकडे 'ॲटॉमिक' म्हटलं की डोळ्यांसमोर तारापूरचं अणुवीज केंद्रच येतं. ते १९६९ मध्ये सुरू झालं. पण या बँडचा त्याच्याशी संबंध जोडू नका हां! हा बँड आपल्या पश्चिम रेल्वेच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या मुंबईचा.

तेव्हाची मुंबई कशी होती? सिमला नावाच्या सिगारेटच्या ब्रँडने देशभरातल्या बँडसाठी 'सिमला बीट' स्पर्धा घेतली. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या. कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा क्लब होता. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथे येऊन चक्क वाजवून गेले! १९७४ मध्ये ॲलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' रंगमंचावर आणलं. त्यात ज्युडास होते नंदू भेंडे, म्हणजे आपल्या आत्माराम भेंडेंचे चिरंजीव. आणि जीझस होते मधुकर चंद्र धस. हेच धस ॲटॉमिक फॉरेस्टचे गायक. त्यांच्यासोबत बास गिटारवर कीथ कांगा आणि गिटारवर नील चट्टोपाध्याय.

संगीत कसलं, तर सायकेडेलिक रॉक. गिटारचा आवाज मुद्दाम फाटल्यासारखा, ताणलेला, घुमणारा. एकच सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते आणि ऐकणारा त्यात हरवून जातो. रात्रभर चाललेला तारपा ज्याने ऐकलाय, त्याला हे हरवून जाणं वेगळं समजवायला नको.

आता खरी गोष्ट. बँडचा अल्बम 'ऑब्सेशन ७७' म्युझिक इंडियाने बाजारात आणला १९८१ मध्ये. तोवर बँड फुटला होता. स्टेजवर उभं राहून ही गाणी लोकांपर्यंत न्यायला कुणी उरलंच नव्हतं. शिवाय काळ डिस्कोचा. रेकॉर्ड आली आणि विस्मृतीत गेली.

मग २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने ती पुन्हा काढली. जुन्या एलपीसोबत बँडची इतर रेकॉर्डिंग्जही दिली. तीस वर्षांनी! आज हा अल्बम जगभरात कुठेही ऐकता येतो.

रीइश्यू म्हणजे नुसती जुनी फाइल अपलोड करणं नव्हे बरं का. आधी मूळ टेप शोधायची. ती नसेल तर चांगल्या अवस्थेतली तबकडी मिळवायची. मग आवाज साफ करायचा. हक्क कुणाकडे आहेत ते शोधून करार करायचा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९८१ ची रेकॉर्ड अजून कुणाची तरी मालमत्ता आहे. शेवटी वादक कोण, रेकॉर्डिंग कुठलं, हे सगळं छापायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण नाव नसेल तर मान नाही आणि पैसाही नाही.

रीइश्यू वेळेत झाला की काय होतं, तेही बघा. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा रागांचा एक अल्बम केला. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये एका डच माणसाने तो पुन्हा काढला आणि सिंगसाहेब म्हातारपणी युरोपातल्या स्टेजवर जाऊन वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले. पण दाद स्वतःच्या कानांनी ऐकून गेले.

दोन्ही वेळा शोधणारा बाहेरून आला, याचं मला वाईट वाटतं. पण त्यांना शोधता आलं, कारण तबकडी होती आणि तबकडीवर नावं होती.

आपल्याकडे काय आहे? जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, हळदीतला बेंजो, गणपती मंडळांचे ऑर्केस्ट्रा. त्यांच्या कॅसेट्स कुणाच्या तरी कपाटात पडून आहेत आणि खाऱ्या दमट हवेत टेपला बुरशी लागतेय. आणि आजचं काय? आपण मोबाइलवर शूट करतो आणि 'कडक बेंजो, फुल धमाल' असं लिहून टाकतो. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. व्हिडिओला लाखभर व्ह्यूज आले, तरी त्या पोराला पुढच्या सुपारीसाठी फोन कुणी आणि कसा करायचा?

म्हणून या आठवड्यात दोन कामं करा. एक, घरातली जुनी कॅसेट शोधा, ती अजून वाजतेय तोवर फाइलमध्ये उतरवून घ्या. दोन, पुढच्या वेळी वाजवणाऱ्याचा व्हिडिओ टाकाल तेव्हा त्याला विचारून टाका आणि खाली तीन गोष्टी लिहा: नाव, गाव, तारीख. एवढ्याने अल्बम निघणार नाही. पण तीस वर्षांनी कुणी शोधायला निघालं, तर त्याला दार कुठलं ठोठवायचं ते कळेल.

'ऑब्सेशन ७७' ऐका. शीर्षकगीत जलद आणि संथ अशा दोन रूपांत आहे. डहाणू लोकलला संथवालं छान लागतं. कुठलं आवडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!