ॲडजस्ट कोणी करायचं?
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)

 गणपती बाप्पा मोरया!

आम्ही भाषेचे पंडित नाही. मेकॅनिकलची पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलेली आम्ही माणसं. तरी आज एका इंग्रजी क्रियापदावर बोलायचं धाडस करतो. ते तुमच्या-आमच्या घरात रोज दहा वेळा उच्चारलं जातं. ते म्हणजे ‘ॲडजस्ट’.

आधी याचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘जवळ’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. त्यापासून जुन्या फ्रेंचमार्गे हा इंग्रजीत आला. पुढे त्यावर ‘न्याय्य, यथायोग्य’ या अर्थाच्या शब्दाची सावली पडली. म्हणजे जवळ आणणं आणि बरोबर बसवणं, अशा दोन्ही गोष्टी त्याच्या पोटात आहेत. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इंग्रजीत हा शब्द मुख्यतः दोन तऱ्हांनी चालतो. एक, एखादी वस्तू ॲडजस्ट करणं: आरसा, घड्याळ, खुर्चीची उंची. दुसरी, माणसानं नव्या परिस्थितीशी ॲडजस्ट होणं. तिसरी तऱ्हा आपली, हिंदुस्थानी! रेल्वेच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौघे बसलेले असतात, पाचवा येतो आणि म्हणतो, “भाईसाब, थोडा एडजस्ट कर लो.” इंग्लंडच्या माणसाला प्रश्न पडेल, की नेमकं काय फिरवायचं? आपण मात्र निमूट सरकतो. आमच्या कार्यालयात कोणी उचल घेतली, की नंतर ती ॲडजस्ट होते. तिथं कागदावर ‘समायोजन’ लिहितात. महाराष्ट्रात तर अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचंही समायोजन होतं!

आता मराठीत याला काय म्हणावं? जुळवून घेणं, सांभाळून घेणं, निभावून नेणं, तडजोड करणं, सामावून घेणं. हे सगळे शब्द सारखे नाहीत, बरं का. ‘जुळवून घे’ म्हटलं की काम येणाऱ्याचं. ‘सामावून घ्या’ म्हटलं की काम घराचं. तडजोडीला दोन्ही पक्ष लागतात. कोणी किती सरकायचं, हे आपली भाषा साफ सांगते. ‘ॲडजस्ट कर’ म्हटलं की ते झाकलं जातं, आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज लहान, तोच सरकतो. नवी सून आली, ॲडजस्ट कर. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, ॲडजस्ट कर. म्हातारी माणसं, ॲडजस्ट करा.

दुसऱ्याचं कशाला, आमचंच सांगतो. मुलं मोठी झाली, अभ्यासाला खोली हवी होती. आम्ही आईला म्हटलं, “आई, थोडं ॲडजस्ट कर.” तिची खोली मुलांना गेली, ती बैठकीतल्या दिवाणावर आली. अशी तीन वर्षं गेली. एका रात्री अकरा वाजून गेले, आम्ही उभयता टीव्हीसमोर. पाहतो तो आई स्वयंपाकघरात अंधारात स्टुलावर बसलेली.

“आई, झोपली नाहीस?”

“तुमचं बघून होऊ दे रे. मग अंथरूण घालते.”

तीन वर्षं आमचा कार्यक्रम संपेपर्यंत ती झोप धरून बसत होती. तिची तक्रार नव्हती, हे खरं. पण आम्ही तिला विचारलंही नव्हतं.

पुढच्याच रविवारी मुलांचं टेबल बैठकीत आलं आणि आई खोलीत गेली. मुलांनी चार दिवस कुरकुर केली. आता टीव्ही नऊ वाजता बंद होतो, म्हणजे आम्हीही सरकलो.

आमच्या विद्येतला एक दाखला देतो. मोटारसायकलचा मागचा ड्रम ब्रेक सैल झाला, की मिस्त्री नट दोन आटे फिरवतो. ब्रेक लागतो. पुन्हा सैल, पुन्हा दोन आटे. पण एक दिवस आटेच संपतात. आत लायनर झिजून गेलेलं असतं. बाहेरून दिसत नाही, आणि नट फिरतोय तोवर आपण म्हणतो, सगळं ठीक आहे. माणसाचंही तसंच आहे. ॲडजस्ट करतोय म्हणजे झिजत नाही, असं नव्हे.

मंडळी, आपले पूर्वज अठराव्या शतकात होळकरांबरोबर या माळव्यात आले. त्यांनी इथल्या हवेशी, बोलीशी जुळवून घेतलं. पण माळव्यानंही त्यांना सामावून घेतलं, म्हणून आपण इथं टिकलो. आपल्या पोह्यांवर इथली शेव आणि जीरावन पडलं, आणि तेच पोहे सगळ्या इंदूरचे झाले. भाजी आपण चिरत होतो, आता पुष्कळ घरांत ती ‘काटतात’. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. पण ‘सामावून घेणं’ हा शब्द घरातून गेला, तर त्याबरोबर एक रीतही जाईल.

म्हणून एवढीच विनंती. ‘ॲडजस्ट’ शब्द खुशाल वापरा. फक्त तोंडातून निघण्याआधी मनाशी विचारा, कोणी करायचं? आणि आपण किती सरकणार? जवळ आणणं आणि न्यायानं बसवणं, शब्दाचे दोन्ही अर्थ तेव्हाच पुरे होतील.



गणपती बाप्पा मोरया!