घरोघरची रुग्णसेवा : माणसे निवडावी कशी, घडवावी कशी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाने वृद्धांच्या व रुग्णांच्या घरी सेविका पाठविण्याची एक लहानशी शाखा नाशकात काढावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आलेला आहे. त्यावर चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली. आम्ही वैद्य नव्हे; आमची सारी हयात शाळेच्या फळ्यापुढे गेली. तथापि आमच्या पत्नीस पक्षाघात झाला आणि पुढील चार वर्षे आमच्या घराचेच रुग्णालय झाले. त्या अनुभवाच्या आधारे बोलण्याचे धाडस करीत आहोत.

ही शाखा हवी, याविषयी दुमत नसावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढील माणसे सुमारे एक कोटी दहा लाख, म्हणजे दर दहांत जवळजवळ एक होती. आपल्या ज्ञातीतील मुले-सुना पुण्यात, मुंबईत, परदेशात आहेत आणि पंचवटीतल्या वाड्यांत व सिडकोतल्या सदनिकांत दोन म्हातारी माणसे एकमेकांस सांभाळीत आहेत. प्रश्न आहे तो सेविका आणावयाच्या कोठून, आणि चांगल्या कशा करावयाच्या, हा.

या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्याचे जुने नाते आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. पुढे न्यायखात्याच्या नोकरीत ते नाशकासही होते. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. परक्याचे अंग पुसणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे मानण्याचा तो काळ. त्याहूनही आधी, इंग्लंडातील लिव्हरपूल येथे विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने आजारी पत्नीसाठी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका ठेविली होती. पत्नीच्या निधनानंतर, १८५९ साली, त्याने तिलाच गोरगरिबांच्या घरी सेवेस धाडले. काम वाढले, पण शिकलेल्या परिचारिका मिळेनात. तेव्हा त्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि १८६२ साली शिक्षणाची शाळाच काढली. दोहींकडील बोध एकच : चांगली सेविका आयती सापडत नाही, ती घडवावी लागते.

प्रथम निवडीविषयी. प्रमाणपत्र पाहावे, ओळखपत्र पाहावे, पोलीस ठाण्यातून पडताळणी करून घ्यावी, पूर्वीच्या घरी विचारपूस करावी. हे सर्व आवश्यक, पण एवढ्याने माणूस कळत नाही. उमेदवार स्त्रीस दोन प्रश्न विचारावेत : 'तुमच्या घरी कोणाचे दुखणे काढले आहे का? त्यात अवघड काय वाटले?' जी मोकळेपणे सांगते की रात्रीच्या जागरणाने चिडचिड होई, ती बहुधा खरी. मग तिला प्रत्यक्ष अंथरुणाशी न्यावे आणि रुग्ण निजलेला असतानाच चादर बदलावयास सांगावे. हात लावण्यापूर्वी ती रुग्णाशी दोन शब्द बोलते की नाही, एवढेच पाहावे. त्यात सगळी परीक्षा आली.

आता शिक्षणाविषयी. आम्हां शिक्षकांस वर्गावर पाठविण्यापूर्वी अनुभवी शिक्षकांचे पाठ पाहावे लागत, मग सरावपाठ द्यावे लागत. येथेही तसेच हवे. आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायकाचा शिक्षणक्रम आखला, त्यासारख्या सोयींचा लाभ घ्यावा. आणि मंडळाने नेमलेल्या अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली काही दिवस काम केल्याखेरीज कोणासही एकटे धाडू नये. हात धुणे, हालचाल न करणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलणे, पक्षाघाताच्या रुग्णास बसते करून लहान घास भरविणे, कारण निजवून भरविल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते, मधुमेह्यास घाम फुटून भोवळ आली तर साखर उतरली असेल हे ओळखणे, औषध, जेवण, लघवी, ताप यांची वेळेवार नोंद वहीत करणे, हे धडे पक्के व्हावेत. तसेच काय करू नये, हेही शिकवावे. इंजेक्शन देणे, लघवीची नळी घालणे ही नोंदणीकृत परिचारिकेची कामे आहेत. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी 'हे माझे काम नाही' असे म्हणण्याचे बळ तिला मंडळाने दिले पाहिजे.

शिकविलेली माणसे टिकावीत कशी? वेतन, कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी लेखी असावी. सुटीच्या दिवशी बदली सेविका मंडळाने द्यावी. रुग्णाची सेवा ठरली असता घरभराची धुणीभांडी तिच्या माथी मारू नयेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांसही लागू आहे, हे प्रत्येक यजमानास आधीच सांगावे.

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास संकोच वाटतो. आमच्या घरी पहिली बाई एका ब्युरोने धाडली. पंधरवड्यात पत्नीच्या पाठीस व्रण पडला. आम्ही त्या बाईस नाही नाही ते बोललो. कूस बदलावी लागते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि ते आम्हांसही ठाऊक नव्हते. दुसरी बाई पेठ तालुक्यातली. पूर्वी दिंडोरीकडे द्राक्षांच्या मळ्यांत मजुरीस येई. रात्री गजर लावून ती उठे, कूस बदली, व्रण धुई. दोन महिन्यांत तो भरून आला. आणि आम्ही काय केले? तिच्यासाठी वेगळा कप काढून गॅलरीच्या कठड्यावर ठेविला. ती काही बोलली नाही. दुखण्यानंतर आमच्या पत्नीच्या तोंडून मोजकेच शब्द उमटत. त्यांतला एक एके सकाळी त्या कपाकडे बोट दाखवून उमटला : 'काढा.' पस्तीस वर्षे मुलांना समतेचा पाठ शिकविणाऱ्या आम्हांस तो धडा अंथरुणावरून मिळाला.

म्हणून एक विनंती. ठरावाच्या मसुद्यात 'सेविका शक्यतो ज्ञातीतीलच असाव्यात' असे कलम आहे. ज्ञातीतील मुलींनी हे काम अवश्य शिकावे. त्यात कमीपणा नाही. पण ते कलम गाळावे, आणि त्या जागी दोन वाक्ये घालावीत : सेविका निवडताना जात विचारली जाणार नाही, आणि सेविकेस घरातल्याच भांड्यांत चहा व जेवण देण्यास जे कुटुंब तयार नसेल, त्यास मंडळ सेविका धाडणार नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावर हे बोलणे काहींस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जिच्या हाती आपण आपली आई सोपवितो, तिच्या हातचे पाणी आपणांस चालत नसेल, तर तिने जीव लावून सेवा करावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

पत्नीस जाऊन आता दोन वर्षे झाली. तो कप अजून आमच्या फडताळात आहे. आम्ही आमचा चहा त्यातच घेतो.